पळालेल्या आकड्यांचे रंग

आमच्या गल्लीत नळाला पाणी येण्याचा वार ठरलेला असतो, वेळ ठरलेली नसते. म्हणून पाण्याच्या रात्री घरातलं एक माणूस जागं लागतं, आणि गेली काही वर्षं ते माणूस मी आहे. हौदाचं झाकण काढायचं, तोटी सोडून ठेवायची आणि पाइपातून हवेची फुसफुस ऐकू येईपर्यंत बसून राहायचं. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. या जागरणातच मला एक नाद लागला. आधी पाण्याच्या रात्रीपुरता होता, मग रोजचा झाला.

नाद असा की रोज एक चित्र शोधायचं. काढायचं म्हणत नाही, कारण मला साधा मोर धड काढता येत नाही. संगणकावर एक फुकट मिळणारा प्रोग्राम आहे, एक्स-ए-ओ-एस अशी चार अक्षरं लिहून ‘केऑस’ उच्चारतात. तो उघडला की पडद्यावर एक काळी आकृती दिसते: आडवा पडलेला, ढुंगण मोठं आणि डोकं लहान असलेला किडा, अंगावर जागोजागी फोड, डोक्यातून निघालेली लांब नांगी. बायको त्याला ‘तुमचा भुंगा’ म्हणते. शेजारच्या काकू एकदा मोटर लावायला आल्या आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, “हे काय बघायलेत हो रात्रीचं? झुरळ हाय का?” जर्मन लोकांना त्यात सफरचंदाचा बाहुला दिसला, म्हणजे काकूंचं फारसं चुकलं नाही. जगभर त्याला मॅन्डेलब्रॉट संच म्हणतात.

माऊसचं बटण दाबून धरलं की आपण भुंग्याच्या कडेकडे उतरायला लागतो. लांबून गुळगुळीत वाटलेली कड जवळ गेल्यावर फुटते. तिला फांद्या असतात, फांद्यांना वळसे, वळशांच्या टोकाला ठिणग्या. आणखी खाली गेलं की एखाद्या वळशाच्या पोटात तोच भुंगा पुन्हा भेटतो, फोड आणि नांगीसकट, पण भोवतालची नक्षी वेगळी. पहिल्यांदा तो भेटला त्या रात्री मी पाणी घालवलं. हौद अर्धा राहिला आणि दुसऱ्या दिवशी टँकर मागवावा लागला. त्या चित्राची किंमत माझ्या वहीत रुपयांत लिहिलेली आहे.

यामागचं गणित समजून घेताना मला मॅन्डेलब्रॉटच्या आधी आठवले ते देवळालीचे कापरेकर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत देवळालीच्या शाळेत मास्तर. उच्च गणिताची पदवी नव्हती, विद्यापीठाची खुर्ची नव्हती. आकड्यांशी खेळायचे आणि सापडलेलं पदरचे पैसे घालून छोट्या पुस्तिकांत छापायचे. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना ते पोरखेळ वाटत. त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध खेळ कुणीही पाठीमागच्या पानावर करून पाहावा. चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. १९८० घेऊ. ९८१० वजा ०१८९ म्हणजे ९६२१. ९६२१ वजा १२६९ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर तेच करा, पुन्हा ६१७४च येतो. कुठलाही आकडा घेतला तरी जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तो या खड्ड्यात येऊन पडतो. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. जगाला नाव कळायला मात्र १९७५चा मार्च उजाडला, जेव्हा मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं.

१९८० मी मुद्दाम घेतला. त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेत, यॉर्कटाउन हाइट्सच्या आयबीएम संशोधन केंद्रात, बेन्वा मॅन्डेलब्रॉटने या भुंग्याचं चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याचीही कृती कापरेकरांच्याच जातीची: एक साधी क्रिया, तिचं उत्तर पुन्हा त्याच क्रियेत, आणि मग बघत बसायचं की आकडा कुठे जातो.

शाळेत ‘संमिश्र संख्या’ या नावाने घाबरवलेलं प्रकरण इथे येतं, पण ते नकाशासारखं समजून घेतलं की पुरतं. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला पत्ता आहे: मधल्या चौकापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती, उत्तरेला किंवा दक्षिणेला किती. चौकातून, म्हणजे शून्यातून निघायचं. जिथे आहोत त्याचा वर्ग करायचा आणि त्यात त्या ठिपक्याचा पत्ता मिळवायचा. या नकाशावर वर्ग करणं म्हणजे चौकापासूनच्या अंतराचा वर्ग आणि दिशेचा कोन दुप्पट. झाली एक फेरी. पत्ता ‘पूर्वेला १’ असेल तर आकडे येतात ०, १, २, ५, २६, ६७७. हा गडी पळाला. पत्ता ‘पश्चिमेला १’ असेल तर शून्यावरून पश्चिमेला १, तिथून परत शून्य, परत पश्चिमेला १. जन्मभर चौक ते घर, घर ते चौक. हा सुटत नाही. चौकापासून २च्या पलीकडे एकदा गेलेला आकडा परत येत नाही, एवढं सिद्ध झालेलं आहे, म्हणून संगणकाला थांबायचं कुठे हे कळतं. जे पत्ते कधीच पळत नाहीत ते काळे रंगवायचे. तोच भुंगा.

आणि रंग? ते सगळे पळालेल्यांचे. तीन फेऱ्यांत पळाला त्याला एक रंग, तीसमध्ये पळाला त्याला दुसरा, तीन हजार फेऱ्या रेंगाळून मग पळाला त्याला तिसरा. चित्रातलं जे काही बघण्यासारखं आहे ते या उशिरा पळणाऱ्यांच्या वस्तीत, काठावर आहे. आत सगळा अंधार आणि बाहेर लांब सगळं सपाट.

मॅन्डेलब्रॉटचं हे काम आकाशातून पडलेलं नव्हे. गास्ताँ ज्यूलिया या फ्रेंच गणितज्ञाने १९१८ साली या प्रकारच्या फेऱ्यांवर मोठा निबंध लिहिला. पहिल्या महायुद्धात त्याचं नाक गेलं होतं, उरलेलं आयुष्य तो चेहऱ्यावर चामड्याची पट्टी बांधून वावरला. त्याच सुमारास प्येर फातूही याच वाटेने जात होता. दोघांनी ही चित्रं डोक्यात पाहिली असतील, कागदावर काढणं अशक्य होतं. साधा हिशेब करून पाहा. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांच्या पडद्यावर ३,०७,२०० पत्ते. प्रत्येकाला १५० फेऱ्यांपर्यंत मुभा दिली तर साडेचार कोटींहून जास्त वेळा वर्ग आणि बेरीज. संगणक येईपर्यंत ज्यूलियाला वाट पाहावी लागली, आणि तोवर लोक त्याला विसरले.

आयबीएमच्या पहिल्या छापील चित्रांत भुंग्याभोवती बारीक ठिपके उमटले होते. ती छपाईची घाण समजून पुसली गेल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. ते ठिपके पिल्ले-भुंगे होते. मॅन्डेलब्रॉटला आधी वाटलं की ही बेटं सुटी आहेत. आद्रिएं दुआदी आणि जॉन हबर्ड या दोघांनी सिद्ध केलं की सगळी बेटं केसासारख्या धाग्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत, एकही सुटं नाही. संचाला मॅन्डेलब्रॉटचं नाव दिलं तेही या दोघांनीच. ‘फ्रॅक्टल’ हा शब्द मात्र त्याचा स्वतःचा, १९७५चा, ‘मोडलेला’ या अर्थाच्या लॅटिन ‘फ्रॅक्टस’वरून. मराठीत भग्न म्हणता येईल, पण वेरूळच्या वाटेवर राहणाऱ्याला भग्न म्हटलं की तुटक्या नाकाच्या मूर्तीच आठवतात. फ्रॅक्टलच बरं.

१९८५च्या ऑगस्टमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर भुंगा आला, आणि घरोघरच्या संगणकांवर लोक तो काढायला बसले. १९८८ पासून ‘फ्रॅक्टिंट’ नावाचा फुकट प्रोग्राम हातोहात फिरू लागला. तो करणाऱ्यांनी स्वतःला ‘स्टोन सूप ग्रुप’ म्हणवलं, म्हणजे दगडाचं सूप करायला निघालेल्याच्या भांड्यात गावातल्या प्रत्येकाने काहीतरी आणून टाकावं, तसं. त्यातली खुबी अशी होती की अपूर्णांकांचं काम तो पूर्णांकांवर भागवायचा. गणिताची वेगळी चिप तेव्हा महाग होती, ज्याच्या त्याच्या संगणकात नसायची. आमच्या शहरात नव्वदच्या दशकात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी तो पहिल्यांदा पाहिला. फ्लॉपीवरून आला होता. क्लास सुटल्यावर सरांनी मशीन चालू ठेवू दिलं, चित्र वरून खाली एकेक ओळ उतरत होतं, साडीचा पदर मागावर उतरावा तसं. पाऊण पदर उतरला आणि लाईट गेली. पुढची पंचवीस वर्षं मी या विषयाकडे वळलो नाही, याचं कारण तेवढंच असेल असं नाही, पण ते पाऊण चित्र अजून डोळ्यांपुढे आहे.

आता तेच चित्र डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं. त्यामुळे प्रश्न वेगाचा राहिला नाही, निवडीचा झाला. माझा रोजचा नियम असा: एक तास उतरायचं, एकच चौकट ठेवायची, वहीत तिचा पत्ता लिहायचा. काही भाग आता ओळखीचे झालेत. भुंग्याचं डोकं धडाला जिथे चिकटतं तिथल्या खाचेला समुद्रघोड्यांची दरी म्हणतात. उजवीकडच्या मोठ्या खाचेत सोंडा उचललेल्या हत्तींची रांग. शहागंजात फिरताना कुठल्या बोळातून काय निघेल याचा अंदाज येतो, तसा आता येतो. फार खाली गेलं की मात्र जमीन संपते. साधा संगणक पंधरा-सोळा अंकांपर्यंतच नेमका असतो, त्यामुळे सुमारे दहा लाख कोटी पटीला नक्षी विस्कटते आणि पडद्यावर चौकोनी ढेकळं दिसायला लागतात. त्या मोजमापाने अख्खा भुंगा केवढा झाला? तीस सेंटिमीटरच्या पडद्याचे तीनशे कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्यापासून युरेनसच्याही थोडं पुढे. त्याखाली जाणारे प्रोग्राम आहेत. मी जात नाही. पाणी येईपर्यंत परत वर यायचं असतं.

रंगांबद्दल माझं मत कडवट आहे. या छंदातली बहुतेक चित्रं लग्नाच्या मांडवासारखी दिसतात: जांभळा, पोपटी, नारिंगी, वर सोनेरी झगमग. वर्षभर माझीही तशीच होती. मग एकदा अजिंठ्याला गेलो असताना वाटलं, या लोकांनी मोजक्या रंगांत केवढं भागवलं: गेरू, पिवडी, काजळी, चुना, हिरवी माती, आणि लांबून आणलेला लाजवर्दी निळा. परत येऊन प्रोग्रामला तेवढेच सहा रंग दिले. समुद्रघोड्यांची दरी पहिल्यांदा शांत दिसली.

वेरूळला मात्र मी फ्रॅक्टल बघायलाच गेलो, आणि तिथे थोडी फजिती झाली. कारण होता एक निबंध. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवणारे कीर्ती त्रिवेदी यांनी १९८९ साली ‘हिंदू टेम्पल्स: मॉडेल्स ऑफ अ फ्रॅक्टल युनिव्हर्स’ हा लेख लिहिला. मंदिर म्हणजे विश्वाची प्रतिकृती, आणि ती घडवताना एकच आकार लहान-मोठा करून स्वतःवरच चढवत नेला जातो, असं त्यातलं सूत्र. ते डोक्यात घेऊन सोळाव्या लेण्यात, कैलासात उभा राहिलो. राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाच्या काळातलं, आठव्या शतकातलं हे काम. डोंगरात ८० मीटरहून लांब आणि ४५ मीटरहून रुंद खड्डा खोदून, वरून खाली उतरत, मधे मंदिर सोडलेलं. मागच्या वाटेने वर चढून विमानाकडे पाहिलं तर खरंच मजल्या-मजल्यावर छोट्या देवळांच्या माळा, आणि पायथ्याच्या ओट्यावर मोठ्या देवळाभोवती पाच लहान देवळं. देऊळ देवळांचं बनलेलं. मी खूश.

पण मग मोजायला लागलो. मोठं देऊळ, त्यावरचं लहान देऊळ, लहान देवळाच्या कोनाड्यावरची आणखी लहान शिखराकृती. तीन पायऱ्या, फार ताणलं तर चार. पुढे छिन्नी संपते. भुंग्यात पायऱ्या संपत नाहीत. म्हणजे शिल्पी फ्रॅक्टल काढत होता असं म्हणणं हा आपला आजचा हौसेचा मामला. त्याला एवढं नक्की ठाऊक होतं की डोळा दोन-तीनदा फसला की पुढचं स्वतःच रचतो. या बाबतीत मला कैलासापेक्षा सिन्नरचा गोंदेश्वर जास्त पटतो. तो भूमिज शैलीचा, त्याचं शिखर म्हणजे उभ्या ओळींत रचलेली इवलाली शिखरं, वर जावं तशी बारीक होत गेलेली. शिवाय पंचायतन असल्याने चार कोपऱ्यांत चार छोटी देवळं. नाशिकला जाताना तासभर थांबावं.

आणि बीबी का मकबरा? पाहुणे हमखास विचारतात, संगमरवरी जाळी फ्रॅक्टल आहे ना? ती नाही. ती जाळी एकाच मापाचा आकार शेजारी-शेजारी मांडत जाते, आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. सुंदर आहे, पण जवळ जाऊन एका भोकात डोकावलं तर आत पुन्हा मकबरा दिसत नाही. आजकाल काहीही नक्षीदार दिसलं की फ्रॅक्टल म्हणायची पद्धत पडली आहे. भाजीबाजारातला फ्लॉवर मात्र खरा दावेदार. तुरा मोडा, तोच गड्डा लहान होऊन हातात येतो.

आमच्या जिल्ह्यात फ्रॅक्टल घरच्या छंदाबाहेरही वाढलेलं आहे. शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हा, २००९ साली, ‘केऑस, सॉलिटॉन्स अँड फ्रॅक्टल्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात वाय. एच. शेख, ए. आर. खान, एस. एच. बेहेरे आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. भौतिकशास्त्राची ही मंडळी कन्नडच्या शिवाजी महाविद्यालयातली, इथल्या मौलाना आझाद महाविद्यालयातली आणि विद्यापीठातली. विषय होता विद्युतलेपनात वाढणाऱ्या फ्रॅक्टल नक्षीचं संगणकावरचं अनुकरण. प्रयोग स्वयंपाकघरात समजेल असा आहे. उथळ ताटलीत मोरचूदाचं पाणी, कडेने तांब्याचं कडं, मधोमध बारीक तार, आणि बॅटरी. तांबं मधल्या तारेवर बसू लागतं, पण गोळा होऊन बसत नाही, झाड होऊन वाढतं. का? पाण्यात भटकणारा तांब्याचा कण कुठेही चिकटायला तयार असतो, आणि पुढे आलेलं टोक त्याला आधी अडवतं. टोक आणखी पुढे येतं, आतल्या खाचांपर्यंत कण पोचतच नाहीत. विटन आणि सँडर यांनी १९८१ साली ही वाढ संगणकावर बांधून दाखवली. सपाटीवर तिची मिती सुमारे १.७ भरते: रेषेहून जास्त, पृष्ठभागाहून कमी. हे वाचलं तेव्हा मला आमची पाइपलाइन आठवली. तोंडाशी असलेल्या घराचा हौद भरतो, त्याची मोटर मोठी होते, आणि शेवटच्या घराकडे फुसफुस.

अशी अपूर्णांकी मिती नुसती गणिताची चैन नाही हे अलीकडे सरकारी आकड्यांनीच दाखवलं. मॅन्डेलब्रॉटने १९६७ साली ‘सायन्स’मध्ये विचारलं होतं की ब्रिटनचा किनारा किती लांब. उत्तर असं की पट्टी किती लहान घेता त्यावर आहे. लहान पट्टी जास्त खाचांत शिरते, लांबी वाढते. आपण शाळेत भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर आणि महाराष्ट्राचा ७२० पाठ केला. भारताचा किनारा नव्या मोजणीत ११,०९८ किलोमीटर झाला. समुद्राने एक गावही दिलं नाही. जुनं माप ४५ लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावरचं होतं, नवं अडीच लाखांस एक. गुजरातचा किनारा तर १,२१४ वरून २,३४० वर गेला, जवळपास दुप्पट. कच्छ आणि खंभातच्या खाचा आठवल्या तर नवल वाटू नये. भुंग्याच्या कडेचं म्हणाल तर ती या सगळ्यांच्या वर आहे. मित्सुहिरो शिशिकुरा या जपानी गणितज्ञाने सिद्ध केलं की तिची मिती पुरी २, म्हणजे रेषा असून पृष्ठभागाइतकी गुंतलेली.

घरात विचारतात, हल्ली एक वाक्य लिहिलं की यंत्र हवं ते चित्र काढून देतं, मग हे कशाला? पुतण्याने करूनही दाखवलं, ‘फ्रॅक्टल’ टाकून दहा चित्रं आली, माझ्याहून देखणी. मी त्याला म्हणालो, “यातल्या तिसऱ्या चित्राचा पत्ता दे, मला त्याच्या डाव्या कोपऱ्यात उतरायचंय.” तो हसला. “काका, तिथं काही नाहीच.”

वहीत चित्रांपेक्षा मला जास्त आवडणारी एक नोंद आहे, तिच्यात चित्रच नाही. समुद्रघोड्यांच्या दरीचा तळ म्हणजे पश्चिमेला ०.७५ हा बिंदू. १९९१ साली डेव्ह बोल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याला तपासायचं होतं की ही खिंड नक्की किती अरुंद आहे. त्याने बरोबर उत्तरेकडचे, बिंदूच्या जवळ-जवळ जाणारे पत्ते घेतले आणि प्रत्येक किती फेऱ्यांत पळतो ते मोजलं. मीही एका रात्री मोजलं. उत्तरेला ०.१ वर ३३ फेऱ्या. ०.०१ वर ३१५. ०.००१ वर ३,१४३. ०.०००१ वर ३१,४१७. वर्तुळाचा पाय, ३.१४१५९, जिथे एकही वर्तुळ काढलेलं नाही अशा खिंडीत नुसत्या पळापळीतून उगवत होता. याची सिद्धता पुढे दिली गेली. पण बोल याला हे दिसलं तेव्हा तो काही सिद्ध करायला बसला नव्हता, आकडे लिहीत बसला होता. कापरेकर असते तर त्यांनी एक पुस्तिका छापली असती.

दिवाळी अंक आहे, तेव्हा वाचकाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं. पत्ता लिहून घ्या: पश्चिमेला ०.७४३६, उत्तरेला ०.१३१८. चौकटीची रुंदी आधी ०.०१ ठेवा, मग हळूहळू कमी करा. फेऱ्यांची मर्यादा हजाराच्या खाली नको, नाहीतर उशिरा पळणारे काळे दिसतील आणि निम्मी गंमत जाईल. रंग तुमचे तुम्ही द्या. आणि तोटी सोडलेली असेल तर कान तिकडे ठेवा.